टॅबिथाचा दगड

जिल्ह्याच्या दप्तरखान्यात नोरा आपली कागदपत्रं येण्याची वाट पाहत होती. शेजारी म्हातारे बहीणभाऊ बसले होते.

"अडीचशे वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर एकटीनं सराय चालवली रे आपल्या घराण्यातल्या या टॅबिथानं. पण चर्चच्या नोंदवहीत तिच्या मुलांचं पानच ओलीनं कुजलंय. आता आशा थडग्याच्या दगडाची."

"एनिड, ते दगड आम्हीच उपटले. गवत कापायचं यंत्र फिरावं म्हणून. चर्चचा कारभारी मीच होतो."

"ठाऊक आहे. भिंतीला टेकवलेले सगळे वाचले मी."

"तिचा तिथं नाही. चर्चच्या दारासमोरच्या वाटेत बसवलाय."

"मग इतके दिवस मिठाची गुळणी धरली होतीस, रेज?"

"आपलीच बाई ती, हे मला आज कळतंय."

"अक्षरं वर आहेत ना?"

"होती. आईच्या चाकांच्या खुर्चीला हादरे बसायचे. मी घासून सपाट केला."

"अरे देवा!"

नोराची कागदपत्रं आली. ती उठली नाही.

"त्यानंतरसुद्धा आई दर रविवारी त्या दगडावरच खुर्ची थांबवायला लावायची."

"का, ते विचारलं नाहीस?"

"मला वाटायचं, मला दम खाऊ देतेय."