वीस मशिनांचा कारखाना

सून : साहेब, तुमचं दार चुकलंय. कारखाना वगैरे इथे काही नाही.

तपासनीस : पत्ता हाच आहे, बाई. मी पालिकेतून आलोय. राहत्या घरात शिलाईचा कारखाना, वीस मशिनं, पाळीपाळीनं येणारे कारागीर, गिऱ्हाइकांची रांग थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.

सून : अगं बाई! कुणी सांगितलं हे? वरच्या काकूंनी ना?

सासरे : सूनबाई, कोण आलंय गं? अरे, तुम्ही! बागेतले! या या, आत या की.

सून : आबा, तुम्ही ओळखता यांना?

सासरे : ओळखतो म्हणजे? काल बाकावर माझ्या शेजारी डबा खात होते. भला माणूस! सगळं ऐकून घेतलं, एक जांभई नाही.

सून : सगळं म्हणजे काय काय?

तपासनीस : तुम्ही शिवलेला पडदा लावला की वादळ खिडकीबाहेर थांबून परवानगी मागतं, इथून सुरुवात झाली.

सासरे : मग? मागतंच.

सून : आबा!

तपासनीस : पडद्याचं मी सोडून दिलं. पण आबांच्या तोंडून ‘कारागीर’ निघालं आणि घास हातातच राहिला माझा. नियम सांगतो, बाई. घरातून धंदा करायला हरकत नाही. पण घराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त जागा त्यात जाता कामा नये, कामाला घरातलीच माणसं हवीत आणि शेजाऱ्यांना त्रास नको. यातलं काही मोडलं असेल, तर काम बंद करायला सांगावं लागतं.

सून : बंद? माझ्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर या मशीनवर चाललंय, साहेब. आबा, काय करून बसलात हो हे?

सासरे : साहेब, मशीन एकच आहे. तेही माझ्याहून म्हातारं.

तपासनीस : काल वीस होती.

सासरे : काल मी बाकावर होतो ना. माझ्या पलीकडे बसलेले गृहस्थ आपल्या जावयाची मोटार सांगत होते. मग मी काय एका मशीनवर थांबू?

तपासनीस : आणि कारागीर?

सासरे : मीच. उसवायचं खातं माझ्याकडे. उसवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सून : ते मात्र खरं. आज माझा अख्खा धंदा उसवलाय.

तपासनीस : तुम्ही घरातलेच, ते चालतं. पण ती रांग?

सासरे : आहे की रांग. टाकीपर्यंतच आहे. पाणी भरायची.

तपासनीस : बरं. ही टेप त्या टोकाला धरा जरा. मोजल्याशिवाय मला जाता यायचं नाही.

(टेप सरकल्याचा आवाज.)

तपासनीस : मशीन इथे? स्वयंपाकघरामागच्या बोळात? पायडल मारताना कोपर डब्यांना लागत असेल.

सून : लागतं. डब्यांना सवय झालीय.

तपासनीस : आणि ती मोठ्या खिडकीची खोली?

सून : ती आबांची.

तपासनीस : अहो, चौथा हिस्सा राहिला बाजूला, तुम्ही त्याच्या निम्मीही जागा वापरत नाही! मशीन त्या खोलीत नेलंत तरी नियमात बसतं. सुईच्या कामाला उजेड नको?

सासरे : हेच सांगून माझा घसा बसला, साहेब. दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी गाळते, पण ऐकेल तर शपथ!

सून : त्यांना खिडकी लागते. सासूबाई गेल्या आणि हे बोलायचेच थांबले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तेव्हा ती खिडकीची खोली मी मशीनसाठी ठेवली होती. म्हटलं, राहू दे, तिथे आबांना बसवू. हळूहळू रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला लागले. मग एक दिवस पेपरवाल्याला पहिली थाप मारली. मी बोळात जाऊन रडले. आनंदानं हो.

तपासनीस : काम चालू ठेवा, बाई. सगळं नियमात आहे, तसंच लिहितो.

सून : फार उपकार झाले, साहेब.

तपासनीस : माझे कसले? जागा तुम्हीच कमी घेतलीत. पण आबा, काल एवढं सगळं सांगितलंत, ही खिडकीची गोष्ट तेवढी राहिली.

सासरे : सांगून पाहिली होती मागे, त्याच बाकावर. सगळ्यांना थाप वाटली.