चढावरची ओवी

नॅटली : नाही डॅडी, तू मध्ये पडू नकोस. तिलाच बोलू दे. गार्गी, टकल्या टेकाडाच्या चढावर तू गात होतीस की नाही?

गार्गी : गात होते.

नॅटली : बघ. दोन पावसाळे सरले, आपण मरोळहून मुलुंडला ह्याच टेकाडावर सरावाला येतोय. एकदा तरी तिथे तुझ्या तोंडून शब्द फुटलाय? नुसती धापा टाकतेस. अर्ध्यावर उतरतेस, सायकल ढकलतेस. आणि आज शर्यतीत बसून वर गेलीस. वर गाणं पण.

गार्गी : म्हणजे गायले म्हणून मी चोर?

नॅटली : चोर मी नाही म्हटलं. तू म्हटलंस.

युस्टेस : अगो पोरींनो, हळू बोला. लोक बघतात. तिकडं बक्षिसांचं टेबल मांडायला घेतलं.

नॅटली : म्हणूनच आत्ता विचारते. हरकत घ्यायची ती बक्षिसं वाटायच्या आधी. नंतर कोण ऐकतंय? बायकांत पहिली येईल ती मनालीच्या शर्यतीला जाणार. ही पहिली, मी दुसरी. आणि एका गिअरची शर्यत म्हणजे एकच गिअर, यार. ज्यावर सुटायचं त्यावरच यायचं. चढ असू दे नाहीतर सपाटी.

गार्गी : माझ्या सायकलला एकच गिअर आहे. सकाळी तपासणीत बघितला त्यांनी.

नॅटली : तपासणीत वरवर बघतात. चाकाच्या दुसऱ्या बाजूला दुसरं फ्रीव्हील, चेनची दात्यांची चकती, बसवता येतं. चाक काढायचं, उलटं घालायचं, झालं. जड गिअरचा हलका. मला नको शिकवू, सायकलवाल्याची पोर आहे मी.

गार्गी : आणि हे मी केलं कधी? चालत्या सायकलवर?

नॅटली : पहिल्या फेरीत, चिंचेच्या वळणावर. तिथे कुणी नजर ठेवायला नव्हतं. मी वळले तेव्हा तू सायकलवरून उतरून उभी होतीस. मला बघितलंस नि पटकन बसून सुटलीस.

युस्टेस : खरं काय गो, गार्गी? उतरली होतीस?

गार्गी : उतरले होते, अंकल.

नॅटली : कशाला?

युस्टेस : सांग ना बाय. चेन पडली असंल.

गार्गी : चेन नव्हती पडली.

नॅटली : ऐक. ही खोटं पण बोलत नाही आणि खरं पण नाही. आणि पुढचं सांगू? चिंचेनंतरच्या सपाटीवर हिचे पाय बघितलेस तू? शिलाई मशीनसारखे गरगर, गरगर, आणि सायकल जागच्या जागी. हलक्या गिअरवर सपाटीला असंच होतं. मी हिला गाठत होते, डॅडी. मी. सपाटीवर मी हिला आजवर कधी गाठली नाही.

युस्टेस : बोलून काय होनार? सायकल उलटी करतो. दोन फ्रीव्हील असतील तर दिसतील, नसतील तर तू तिची माफी माग.

नॅटली : कर.

(युस्टेस गार्गीची सायकल सीटवर उलटी उभी करतो, मागचं चाक हाताने फिरवतो.)

युस्टेस : ह्ये बघ. ह्या बाजूला एक. त्या बाजूला काय नाय. एकच हाय गो. झालं समाधान?

नॅटली : थांब. चिखल पूस तिथला. दात्यांच्या कडेचा.

युस्टेस : पुसला.

नॅटली : तो ठिपका कसला आहे?

युस्टेस : तुमचाच. नखाच्या रंगाचा.

नॅटली : रंग कुठला, डॅडी?

युस्टेस : लाल.

नॅटली : लाल माझा. दोन्ही सायकली एकाच दिवशी घेतल्या, एकसारख्या. म्हणून माझ्या चाकावर लाल ठिपका, हिच्या चाकावर जांभळा. हे माझं चाक आहे. गुडघ्याला जोर पडू नये म्हणून तू मोठं फ्रीव्हील बसवून दिलंस ना, ते हे. हलकं.

युस्टेस : मग तुझ्या सायकलीला काय हाय?

नॅटली : हिचं असणार. जड. बघायला पण नको, माझा गुडघा सांगतोय. आई शपथ. त्या चढावर मी उतरले, तेव्हा मला वाटलं संपलं. डॉक्टर म्हणाली होती तेच झालं, आता सायकल सुटली. ढकलत वर जाताना मी रडत होते, माहितीये? आणि वरून हिचं गाणं ऐकू येत होतं.

गार्गी : नॅट…

नॅटली : नॅट नको म्हणू. चाकं बदलली कुणी?

युस्टेस : बसवली मी. गाडीत सायकली मावत नाय म्हणून रातीच काढून ठेवलेली. पहाटे इथं आल्यावर टॉर्च दातांत धरून बसवली.

नॅटली : मग टॉर्चच्या उजेडात लाल नि जांभळा कळला नाही तुला?

युस्टेस : रंग कळला गो. रंग कुनाचा ते आठवना. तू नंबर आनायला रांगेत गेलेलीस. म्हटलं, ह्या पोरी जो रंग नखाला लावतात तोच चाकाला लावतात. गार्गीला म्हटलं, बाय, जरा हात दाखव. हिची नखं लाल. मग लाल चाक हिला घातलं, जांभळं तुला.

नॅटली : आणि हिने हात दाखवला.

गार्गी : मला वाटलं, हातमोजे आणलेत का ते बघतायत. नेहमी विचारतात ना.

नॅटली : हो का? आणि तुझ्या नखांवर लाल आला कुठून? इतकी वर्षं जांभळ्याशिवाय दुसरा रंग लावला नाहीस. नेमका शर्यतीच्या आठवड्यात लाल?

गार्गी : तू लावलास.

नॅटली : मी?

गार्गी : ह्याच आठवड्यात, तुमच्या व्हर्ननच्या लग्नात. उंबराचं पाणी आणायला सगळे वाजतगाजत विहिरीवर निघाले होते. ॲग्नेस आंटीने मला लुगडं नेसवलं आणि तू मला ओट्यावर बसवलंस. म्हणालीस, ह्या लुगड्यावर जांभळा म्हणजे मार खाल्ल्यासारखा दिसतो, हात इकडे कर. एकेक बोट धरून लावलास. मग माझी बाटली उघडून तू स्वतःला जांभळा लावलास. आज मी गार्गी होते, म्हणालीस. हात बघ तुझे.

युस्टेस : हाय गो. हिची जांभळीच हायत. वाजंत्री दारात खोळंबलेले नि ह्या दोघी नखांवर फुंका मारत बसलेल्या. ॲग्नेस किती ओरडली.

नॅटली : बरं. तो घोळ माझा. अर्धा माझा, अर्धा डॅडीचा. आता तुझं सांग. तुला कळलं कधी?

गार्गी : शिट्टी झाली तेव्हा.

नॅटली : म्हणजे?

गार्गी : पहिला पाय मारला आणि तो रिकामाच खाली गेला. भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी ना, तसा. तेव्हाच कळलं, हे माझं चाक नाही.

नॅटली : पहिल्याच पायाला.

गार्गी : हो.

नॅटली : आणि तरी पळवत राहिलीस.

गार्गी : म्हणून तर चिंचेपाशी उतरले. थांबले होते तुझ्यासाठी. म्हटलं, चाकं बदलून घेऊ. मागच्या निघून जातील, जाऊ देत.

नॅटली : मग? मी आले की.

गार्गी : तू आलीस ती हसत आलीस. गुडघ्याच्या दुखण्यानंतर तुला सायकलवर असं हसताना मी बघितलंच नव्हतं. सुटल्यापासून सपाटीवर मला गाठत आली होतीस ना. मला वाटलं, सांगितलं की हे हसू जाईल. पायांमुळे नाही, चाकामुळे गाठलंस, असं कसं सांगू?

नॅटली : छान आहे. आणि दुसरं?

गार्गी : दुसरं काय?

नॅटली : ते पण आहे. ओळखते मी तुला. एवढंच असतं तर इथे आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून सांगितलं असतंस. तू तर सायकल झाडाला टेकवून लांब जाऊन बसलीस.

युस्टेस : जाऊ दे ना गो.

नॅटली : नाही डॅडी. बोल, गार्गी.

गार्गी : मला तो चढ एकदा बसून चढायचा होता. एकदाच. वरून खाली बघायचं होतं, श्वास शिल्लक असताना.

युस्टेस : ह्ये खरं बोलली.

नॅटली : हो. ह्ये खरं.

गार्गी : मी टेबलापाशी जाऊन सांगते. चाक माझं नव्हतं म्हणून.

नॅटली : जा, सांग. हसतील तुला. एक गिअर होता, एकच राहिला. चाक कुणाचं, ह्याला नियम नाही. नियम आपल्या दोघींचा होता.

गार्गी : मग मनालीला तू जा. मी नाही म्हणून सांगते.

नॅटली : ह्या गुडघ्यावर? आणि तुझ्या हातून घेऊ? नको. तूच जा. पण तुझ्या चाकावर जा. माझं मी आज घरी नेणार.

गार्गी : ने.

नॅटली : काय गात होतीस?

गार्गी : कुठे?

नॅटली : चढावर. मला अर्धंच ऐकू आलं. वारा होता.

गार्गी : आजीच्या जात्यावरच्या चालीत काहीतरी. एक गिअर म्हणजे जात्यासारखंच ना, एकाच लयीत फिरवायचं.

नॅटली : शब्द सांग.

गार्गी : टेकडीच्या चढावर, वारा हातानं सारीते.

नॅटली : एवढंच आलं होतं. पुढे?

गार्गी : मागं राहिली सखी गं, नाव तिचं पुकारीते.

नॅटली : हे तू आत्ता जुळवलंस.

गार्गी : चढावर जुळवलं. दुसऱ्या फेरीत. मागे बघितलं तर तू सायकल ढकलत होतीस.

नॅटली : कशावरून?

गार्गी : कशावरूनच नाही. ऐकायला तू होतीस, तुला अर्धंच आलं.

युस्टेस : मना पुरं आलं गो. मी पान्याची बाटली घेऊन वर उभा होतो. पन मी काय, बापूस. मी दोघींच्या बाजूचा.

नॅटली : तू गप बस, डॅडी. तुझं चाकाचं आधीच पुरे झालंय.

युस्टेस : बसतो. पन ऐक, भोंग्यावर बोलतात. दुसऱ्या नंबरापासून सुरू केलं. नॅटली, तुझं नाव घेतात.

गार्गी : जा तू. मी येते मागून.

नॅटली : येच. आणि गार्गी…

गार्गी : काय?

नॅटली : बक्षीस घ्यायला येताना हातमोजे घालून ये. लाल माझा आहे.