कूलरचं तोंड

"गाडी डिझेलचीच पायजे, काकाजी. आवाज छातीत घुमला पायजे."

"गेम खेळा तर रेसचा. बाकी सारे लेकराचे."

"खस मात्र रोज ओली ठेवा लागते."

पियुषच्या या तिसऱ्या वाक्याला रूपालीचे कान टवकारले. अकोला-अमरावती बसमध्ये तिच्या पुढच्या सीटवर तो मांडीवर कम्प्युटरचा डबा धरून बसला होता. शेजारचे चंद्रभानकाका त्याला विचारतच होते.

"खस तं कूलरची. कम्प्युटरले काहून?"

"तापते ना तो! गेममधी गाडी दोनशेवर गेली का बंद पडते. मंग झाकन काढून कूलरपुढंच ठेवला."

"मंग?"

"तिसऱ्या दिवशी आतून पानी निघालं. सा वर्सं एकेक पार्ट जोडला होता, काकाजी. आज अमरावतीत सुधरला तं सुधरला, नाई तं गेला."

"घरी कूलर किती?"

"एकच."

"आन् घरचे?"

"आई गच्चीवर झोपते. तिले मोकळी हवा मानवते."

"हे ती म्हनते का तू?"



"तशी पेट्रोल गाडीबी वाईट नाई, काकाजी."

अकोल्यात त्यानं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट काढलं होतं. अर्धं तिकीट रूपालीशेजारी पदरानं वारा घेत बसलेल्या त्याच्या आईचं होतं.