काचेच्या टाकीतली पंगत

या, या, पुढे या! पुढच्या सतरंज्या मोकळ्या, अन् माणसं मागं खांबाला टेकून! त्या आजी — हो, तुम्हीच, हिरव्या लुगड्यातल्या — पुढे या की. नाही म्हणता? बरं. मग मंडळी, ऐका, आजचा प्रश्न या आजींपासूनच सुरू करतो. एखाद्याला मान द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं? उंच आसन? पहिली रांग? तुम्ही म्हणाल, महाराज, यात विचारायचं काय, मान म्हणजे पुढची जागा! आमच्या दौलतआबांनाही चाळीस वर्षं असंच वाटत होतं.

कोण हे दौलतआबा? विट्याकडचे. दूधसंघातून निवृत्त झालेले, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख एकच — पंगत बसवावी ती आबांनी! लग्न असो, बारसं असो, आबा कमरेला उपरणं बांधून उभे. व्याही कुठं, जावई कुठं, रुसलेल्या मामाला कुणाशेजारी बसवायचं नाही, सगळं तोंडपाठ. नियम दोनच. मानाचा माणूस वरच्या टोकाला, अन् कोपराला कोपर लागला पाहिजे. मध्ये एक पान रिकामं राहिलं तर आबांना घास गोड लागत नसे.

अशा घरात सून आली, नीरजा. वेंगुर्ल्याची. अबोल पोर, घरीच बसून कॉम्प्युटरवर साड्यांची नक्षी काढायची. आता मला सांगा, रुखवतात लोक काय मांडतात? लाडू, करंज्या, चकल्यांचा डोंगर. हिच्या रुखवतात समुद्र! चार फुटी काचेची टाकी, मिठाच्या पिशव्या, दगड, वर निळा दिवा. ज्या गावाला प्यायचं पाणी दिवसाआड, तिथं दिवाणखान्यात खारं पाणी!

नीरजानं सासऱ्यांना समजावलं. यात पोवळी राहणार. अंगठीतलं पोवळं नव्हे, त्याची जिवंत भावंडं. दिसतात फुलासारखी, उघडतात, मिटतात, पण झाडं नव्हेत, जीव आहेत. समुद्रातून ओरबाडलेली नाहीत, तिच्या वडिलांनी टाकीतच वाढवलेली. पण आधी दीड-दोन महिने नुसते दगड अन् पाणी. आबा बेचैन! पानं मांडलीत, पाहुणे कुठायत? नीरजा म्हणाली, आबा, विरजण लागायला वेळ लागतो, तसंच हे पाणी. हे मात्र दूधसंघातल्या माणसाला चटकन पटलं.

आता आबांचा सुनेवर जीव होता बरं का. पण जीव लावायची त्यांची रीत एकच! घरात कुणी आलं की हाक, "नीरजा, भाईर ये." आपल्या शेजारी खुर्ची. ही आमची सूनबाई, समुद्राकाठची. सांग गं टाकीचं. पोर बसायची, दोन शब्द बोलायची, ओढणीचं टोक पिळत राहायची. सकाळी गवळी, दुपारी भावकी, संध्याकाळी भजनी मंडळ. हळूहळू तिचं जेवण तुटलं, हसू आटलं. संक्रांतीला माहेरी गेली ती चार दिवसांच्या बोलीनं, अन् झाले दहा. मुलगा अभय आणायला गेला, तो एकटाच परत आला. हातात थर्माकोलचा खोका. म्हणाला, "ती येईल म्हणाली. कधी, ते नाही बोलली."

आबा मनाशी म्हणाले, पोरीला घर मानवलं नाही. आता येती की न येती?

खोक्यात पाच पोवळी. त्यातलं एक अगदी साधं, तपकिरी, अळंबीच्या टोपीएवढं. नीरजा शाळेत होती तेव्हापासून तिच्या वडिलांकडं वाढलेलं. निरोप होता, पाचही जणांना खाली वाळूवर ठेवा, जागा मी आल्यावर बघते.

वाळूवर? सुनेच्या माहेरचं माणूस जमिनीवर बसवायचं? अन् तेही आबांनी? अहो, चाळीस वर्षांची अब्रू! बाह्या सरसावल्या अन् हात घातला टाकीत. सगळ्यांत उंच दगडावर, दिव्याच्या बरोबर खाली, पाचांची पंगत बसवली. कोपराला कोपर लावून! माहेरच्या अळंबीला मधोमध मानाची जागा. अन् शेजारी कोण? तर सगळ्यांत देखणं होतं ते, लांब लांब बोटांचं, टोकाला हातोडीसारखी गाठ. आबा म्हणाले, घराण्याला घराणं शोभतं!

संध्याकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसले. दिवा मंद झाला. तसा त्या हातोडीवाल्यानं एक लांबच लांब धागा बाहेर काढला अन् हळूच अळंबीवर टेकवला. आबा हरखले. आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, हाक मारून म्हणतात, "अगं बघ की! व्याही हात मिळवायला लागलं!"

मंडळी, तो हात मिळवत नव्हता. तो डंख करत होता! ही जमात आपल्याभोवती वीतभर मोकळी जागा मागते. कुणी खेटलं की पोळवते.

चार दिवसांत अळंबी वाटाण्याएवढी झाली. कडेला पांढरा चट्टा. आबांनी वर आणखी उजेड वाढवला. हसू नका! आपलं माणूस कोमेजलं की आपणही हेच करतो. चल, लोकांत बस, बरं वाटेल!

पाचव्या दिवशी नीरजा आली. पिशवी खाली ठेवली अन् थेट टाकीपाशी. आबा दाराआड उभे, चोरी पकडल्यासारखे. म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं मेलं का गं ते? म्या मानानं बसवलं हुतं."

नीरजानं आधी हात धुतले, अळंबी अलगद उचलली, अन् खाली नेली. सगळ्यांत खाली, एका कपारीच्या सावलीत, जिथं पाणी संथ होतं. हातोडीवाल्याला दूर एकटं ठेवलं. मग टाकीकडं बघतच म्हणाली, "मेलं नाही, आबा. त्याला एवढा उजेड सोसत नाही. तुम्ही मायेनंच बसवलं होतं, ठाऊक आहे मला." मग आबांकडं वळली. "मलाही मायेनंच बसवता."

आबांचे डोळे भरून आले. हजारो माणसं जेवू घातलेला माणूस, पण कुणाला विचारलं होतं का कधी, बाबा, तुला कुठं बसायचंय?

दुसऱ्या दिवशी भावकी आली. सूनबाई कुठाय? आबा म्हणाले, "हाय की घरातच. तिच्या जागंवर." अन् विषय ऊसतोडीवर नेला. आतल्या खोलीत नक्षी काढणाऱ्या पोरीनं ते ऐकलं. त्या रात्री तिनं भाकरी मागून घेतली.

महिना गेला. अन् एका सकाळी काकू ओरडल्या, "अहो, या हिकडं!" कपारीच्या सावलीत ती अळंबी तळहाताएवढी पसरली होती, कडांना हिरवी झाक, अन् शेजारी दगडावर नखाएवढं पिल्लू! त्याच आठवड्यात गवळीबुवा टाकी न्याहाळत उभे होते, तर कुणी न बोलावता नीरजा बाहेर आली, उंबऱ्याशी टेकली, अन् अर्धा तास त्यांना एकेकाचं नाव-गाव सांगत बसली. आबा लांबून ऐकत होते. एक शब्द मध्ये बोलले नाहीत. आबा न बोलता अर्धा तास! चमत्कार म्हणायचा तर तो हा!

मग वेंगुर्ल्याहून सहावं पोवळं आलं. नीरजानं ते आबांच्या हातावर ठेवलं. "आबा, पंगत तुम्ही बसवायची. सांगा, कुठं ठेवू?"

आबांनी वर बघितलं, खाली बघितलं. म्हणाले, "आठ दिस वाळूवर ठिवू. उमललं तर तितंच. न्हाई उमललं, तर जरा वर सरकवू. त्येलाच इचारू."

तर मंडळी, घरी जाल तेव्हा आपापल्या टाकीत डोकावा. कोण मिटलंय? कुणाला तुम्ही कौतुकानं दिव्याखाली बसवलंय? कुणाच्या शेजारी कोण खेटलंय, अन् तुम्ही त्याला गोडीगुलाबी म्हणताय? मान म्हणजे पुढची जागा नव्हे. जिथं जीव उमलतो, ती त्याची मानाची जागा.

अन् हिरव्या लुगड्यातल्या आजी, मघाशी मी तुम्हाला पुढं ओढत होतो, ते चुकलंच माझं. बसा तिथंच. खांबाला टेकून, पाय पसरून. माझा आवाज येतो ना तिथवर? मग झालं. उचला टाळ, अन् जो जिथं बसलाय तिथूनच म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!