हात न टेकता

लढाईच्या दिवसांत गाड्यांना ठरलेली वेळ राहिली नव्हती. नंदुरबार स्टेशनात सुरतेच्या गाडीची वाट पाहत दोन म्हातारे उभे होते. एकजण उकिडवा बसला, गाठोडं बांधलं आणि हात न टेकता उठला. दुसरा पाहतच राहिला.

“नथ्थू भो, तू तर पोऱ्याना हात धरीसन उठे ना?”

“हा, छगन. मांगना पोळाले वावरमा बसनू, ते उठताच उनं नही. सांजपावत तठेच.”

“अरेरे!”

“पोऱ्यानी पाठवर घर आनं. सारा गावनी देखं. वाटनं, आते खाटच धरनी.”

“मंग?”

“मंग रनाळा गावनी तालीममा गऊ. वस्तादले सांगं, माले कुस्ती नको, फक्त उठानं शिकाड.”

“या वयमा? पोरे हसनात व्हतीन.”

“हसनात. वस्तादनी आढ्याले दोर बांधी दिधा. पहिला दिनले दोर धरीसन दोन बैठका. आते दोर सोडीसन वीस.”

“आनि वावरमा?”

“काल त्याच जागावर बसनू. आजूबाजूले कोन्ही नही. उठनू.”

“एकदम?”

“एकदम. मंग परत बसनू.”

“आते कसाले?”

“खरंच उठनू का, ते देखाले.”