पाच मिनिटं पायरीवर

हसू नका, पण मी आजही ठाम आहे, आइस हॉकीत मारामारी नकोच. त्या दिवशी टीव्हीवरच्या हॉकीच्या व्हिडिओ गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन मी ती बंदच केली, तर दादा खवळला.

"अगं, बर्फावरच्या खऱ्या हॉकीत बी असते की!"

"असू दे. दम असंल तर गोल मार."

आमचा आवाज चढला तशी आई शेंगाचटणी कुटायची सोडून बत्त्यासकट बाहेर आली. "मारामारी केली की त्या खेळाडूंचं काय करत्यात?"

"पाच मिनिटं बाहेर बसवतात," मी म्हणाले.

"मग उठा. दोघंबी पायरीवर बसा."

बसलो गुपचूप. पाचाची पंधरा मिनिटं झाली, आत गेम चालूच. शेवटी आईची हाक आली, "ए, ते मारामारीचं परत चालू कसं करायचं गं? ह्यो सात नंबरवाला लई धक्के मारायलाय!"