पप्पांसाठी शोधलेलं इंग्रजी

हसू नका गं. 'किक द बकेट' म्हटलं की मला आई आठवते.

पप्पा गेल्यानंतरची शाळेतली ती पहिली पालकसभा. मिस नवीन होत्या, इंग्रजीच बोलायच्या. त्या पप्पांबद्दल विचारणार, हे आईला ठाऊक होतं. रिक्षात बसल्यापासून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होती. मला म्हणाली, "तू मध्ये बोलायचं नाहीस हं. मी सांगणार."

मिसनी विचारलंच. आई ताठ बसली आणि एकेक शब्द जपून म्हणाली, "माय हजबंड किक्ड द बकेट."

मागे रांगेत उभे असलेले कुणाचे तरी बाबा फिस्सकन हसले. मिसनी पटकन मान खाली घातली. आपण एखाद्याला 'खपला' म्हणतो ना, तसं ते ऐकू आलं.

जिन्यात आईने विचारलं, "चुकलं का गं? तुझ्या इंग्रजी म्हणींच्या पुस्तकातून पाठ केलं होतं."

"वाक्य बरोबर होतं, आई. पण नुसतं 'डाइड' चाललं असतं."

"म्हणजे 'मेले' ना? आपल्या माणसाला असं कोण म्हणतं?" मग फाटकापाशी थांबून म्हणाली, "पण ही बादली आली कुठून गं?"

कापायला उलटं टांगलेलं डुक्कर ज्या दांड्यावर पाय झाडायचं, त्याला पूर्वी बकेट म्हणत, असं मी वाचलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "जुनं आहे काहीतरी."